तारेचे पैसे, शालीचे पैसे

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले, तेही बेळगावकडच्या एका खेड्यात, एका खोलीत चार वर्ग बसायचे अशा शाळेत. माफी कोणाची मागते तेही नक्की माहीत नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. लेकीने टाकून दिलेल्या छापील कागदांच्या कोऱ्या पाठीवर लिहिते आहे. कन्नड मला बोलता येतं, बसची पाटी वाचता येते, पण लिहिता येत नाही. मनातलं कागदावर उतरवायचं तर मराठीच.

आमचं गाव बेंगळुरूच्या टोकाला, आनेकलहून आत वळल्यावर लागतं. नवऱ्याचं घराणं इथे किती पिढ्यांपासून आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, पण मी लग्न होऊन आले तेव्हा ती मला निम्मीच कळायची. भात वाढताना सासू म्हणायची, "स्वल्प घे गे," आणि मी पातेल्यात काय घ्यायचं ते शोधत बसायची. स्वल्प म्हणजे थोडं. आता मीही तसंच बोलते. नवरा कारखान्यात पाळीवर जातो, मी सरकारी शाळेत दुपारचं जेवण रांधते. एकच मुलगी. ती बनशंकरीजवळच्या एका कॉलेजात नर्सिंग शिकते, पहाटेच्या बसने जाते आणि दिवेलागणीला येते.

गावाची वरची गल्ली सगळी स्लॅबची आहे. आमची खालची गल्ली पत्र्यांची. हे सांगणं गरजेचं आहे, कारण वारा आला की दोन गल्ल्यांना तो वेगवेगळा दिसतो.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात शाळेच्या परीक्षा संपत आल्या होत्या. दुपारी भांडी घासून मी घरी आले. इतकं उकडत होतं की कोंबड्या चोच उघडी टाकून भिंतीला टेकल्या होत्या. मग पश्चिमेला धूळ उठली. पाऊस नंतर आला, गारा त्याहून नंतर, आधी आला तो वारा. आवाज असा की कोणी मोठं चादरीचं कापड एका हिसक्यात फाडतंय. मी लेकीला घेऊन पलंगाखाली शिरले. समोरच्या घराचा पत्रा उठला, हवेत उभा राहिला आणि विजेच्या तारांवर जाऊन पडला. तो गेल्यावर दुसरा.

शेजारचं घर माझ्या थोरल्या जावेचं. चुलत, पण सख्खीसारखीच. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, मीही. तिच्या छपरावर पत्रा उडू नये म्हणून सासऱ्यांच्या वेळचं अख्खं जातं ठेवलेलं होतं, वरची आणि खालची दोन्ही तळ्या. वाऱ्याने पत्रा उचलला तेव्हा जातं घरंगळलं आणि खाली आलं ते बरोबर थोरल्या दिरांच्या मांडीवर. वरून अर्धी भिंत पडली.

पहिला माणूस आला तो लाइनमन. मोटरसायकलवर, चिंब भिजलेला, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पक्कड. तार तुटून गल्लीतल्या पाण्यात पडली होती आणि आम्ही बायका दिरांकडे धावत निघालो होतो. त्याने आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहिणार नाही. हात पसरून तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला आणि फोनवर लाइन बंद केल्याचं कळेपर्यंत त्याने कोणाला पाऊल टाकू दिलं नाही. अक्का पलीकडून नवऱ्याच्या नावाने ओरडत होती आणि तो इकडून तिच्याहून मोठ्याने ओरडत होता, "तू मेलीस तर त्याला भाकरी कोण घालणार? उभी राहा तिथेच!"

मग अग्निशामक दलाचे दोघे आले. त्यांची गाडी रस्त्यावर पडलेल्या नीलगिरीपाशी अडकली, म्हणून सामान खांद्यावर घेऊन ते चालत आले. विटा हाताने एकेक काढल्या. ॲम्ब्युलन्सही त्याच झाडापलीकडे थांबली होती. ड्रायव्हरने स्ट्रेचरचं एक टोक स्वतः धरलं आणि मोकळ्या रानातून, चिखलातून दिरांना नेलं. दीर वाचले. अजून लंगडतात, पण चहा प्यायला स्वतः चालत कोपऱ्यावर जातात.

या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी त्या दोघांतला एक अग्निशामकवाला शाळेत आला. आमचा बायकांचा संघ आहे, दर आठवड्याला बैठक होते. संघाच्या अध्यक्षांनाही सगळ्या अक्काच म्हणतात; त्या अध्यक्ष अक्कांनीच त्याला बोलावलं होतं. वरच्या गल्लीतल्या आहेत, पण सगळ्यांच्या कामाला धावतात. मी नेहमीप्रमाणे मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी बसले. बैठकीत मी कधी बोलत नाही. बोलायचं ठरवलं की मनात वाक्य जुळवत बसते आणि तोवर विषय बदलतो.

त्याने एक कागद एका कडेने ओठांखाली धरला, दुसरी कड खाली लोंबत होती. म्हणाला, "वारा छपराला खाली दाबतो की वर उचलतो?" सगळ्या म्हणाल्या, दाबतो. त्याने कागदावरून सरळ समोर फुंकर मारली. कागद वर उठला. पुन्हा मारली, पुन्हा उठला. मग लहान पोरांसारख्या आम्ही सगळ्याच फुंकून बघायला लागलो.

"म्हणून दगड ठेवून उपयोग नाही," तो म्हणाला. "वारा पत्रा नेतोच, वर दगडही तुमच्या डोक्यात घालतो. पत्रा खालच्या पाइपाला हूकने आवळायचा. आणि वरून जाड तार टाकून दोन्ही बाजूंना जमिनीत खुंटीला बांधायची, जसा तंबू बांधतात."

"माझ्या सासऱ्याचं जातं होतं ते," अक्का मागून म्हणाली. "साधा दगड नव्हता."

"जातं होतं म्हणून पाय मोडला अक्का, साधा दगड असता तर स्वल्पच लागलं असतं," कोणीतरी म्हणालं आणि अक्का तोंड फिरवून बसली.

त्याने आणखी सांगितलं. रेशन कार्ड, आधार, बँकेचं पुस्तक, दवाखान्याचे कागद हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ टांगायचं. बॅटरी, काडेपेटी, पिण्याचं पाणी. दोन दिवस चालेल असा कोरडा खाऊ. आभाळ भरलं की लाइनमनला आधीच फोन करायचा, तार तुटायची वाट बघायची नाही. ढग गरजायला लागले की नारळाखाली उभं राहायचं नाही. आणि घराबाहेर टांगलेलं सगळं उतरवून ठेवायचं.

"सगळं म्हणजे?" एकीने विचारलं.

"सगळं. कुंड्या, बादल्या, सायकल."

"कोहळा?"

इथे प्रत्येक घराच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून कोहळा टांगतात. चांगला डोक्याएवढा असतो. तो म्हणाला, "कोहळाही." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वाऱ्यात तो झोके घेऊन कोणाच्या तोंडावर बसेल हे सगळ्यांना दिसत होतं, पण उतरवणार कोण? शेवटी अध्यक्ष अक्का म्हणाल्या, "कोहळा सोडून बाकी सगळं उतरवू." तोही शहाणा. म्हणाला, "मग निदान दोरी नवीन घाला."

हूक, तार, लोखंडी खुंट्या यांचा भाव काढेपर्यंत एप्रिल उजाडला. खालच्या गल्लीतल्या सगळ्या घरांचं एकदम घेतलं तर दुकानदार कमी करणार होता. पण संघाचं कर्ज मंजूर व्हायला पुढचा महिना लागणार होता आणि रोज संध्याकाळी ढग जमायला लागले होते. अध्यक्ष अक्कांनी बैठकीत विचारलं, "तोवर कोणाकडे आहेत का?" कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही. पण बैठक संपल्यावर भांडी उचलता उचलता त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "माझ्याकडे आहेत."

ते पैसे लेकीच्या दुसऱ्या वर्षाच्या फीचे होते. शाळेच्या पगारातून आणि घरी केलेल्या चटणीपुडीच्या विक्रीतून जमवलेले. फी जूनमध्ये भरायची होती. प्रत्येक घराने दर आठवड्याच्या बैठकीत थोडे थोडे अध्यक्ष अक्कांकडे द्यायचे आणि मे संपेपर्यंत ते सगळे माझ्याकडे परत यायचे, असं ठरलं. पैसे कशाचे आहेत ते मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मला ते आपणहून बोलणं जमलं नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "चांगलं केलंस." मग थोड्या वेळाने, "परत मागता येतील ना तुला?"

"मागायचे कशाला? देतीलच."

तो हसला आणि ताटातला उरलेला घास संपवला.

तो आठवडा मला आवडला. माणसं छपरावर, बायका खाली तार धरून. शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून मीही खालून हूक देत होते. जुने दगड, टायर, फुटका पाटा, एकाच्या छपरावरून तर मोडका टीव्ही उतरला. गल्लीच्या टोकाला या सगळ्याचा ढीग लागला. मी शिवणाचं थोडं जाणते, म्हणून खताच्या गोणीतलं आतलं प्लॅस्टिक धुऊन प्रत्येक घराला कागदांची पिशवी शिवून दिली. पोहे आणि चटणीपूड डब्यात भरून कसे ठेवायचे ते दाखवलं. हे दाखवताना मला वाक्य जुळवावं लागलं नाही. हात चालू असले की मला बोलता येतं.

अक्काचं घर शेवटी राहिलं. ती दारात बसून बघत होती. "तार काय माझ्या नशिबाला बांधणार आहे का?"

"नशिबाला नाही, पत्र्याला," मी म्हणाले.

"बोलायला लागली गे बेळगाववाली," ती म्हणाली, पण उठली आणि शिडी धरली.

मे महिन्याच्या मध्यावर वारा आला. रविवार होता, दुपारचीच वेळ, तशीच तांबडी धूळ. कोणीतरी लाइनमनला फोन केला आणि वारा पोहोचायच्या आधी लाइट गेली. या वेळी लाइट गेल्याचं बरं वाटलं. आम्ही तिघं घरात बसलो. पत्रे वाजत होते, तारा गुणगुणत होत्या, एकदा वाटलं की अख्खं घरच हातभर उचललं गेलं आणि पुन्हा खाली बसलं. लेक कागदांची पिशवी गळ्यात अडकवून बसली होती, आणि मला त्याही वेळी हसू आलं.

अर्ध्या तासाने सगळं थांबलं. बाहेर आलो. एक पत्रा हलला नव्हता. दोन कोहळे मात्र पडून फुटले होते. पुढच्या गावात बारा घरांची छपरं गेली असं संध्याकाळी कळलं.

मला वाटलं, आता लोक आनंदाने पैसे देतील. झालं उलटंच. आधी जे देत होते त्यांचाही हात आखडला. वारा कसा होता ते दुसऱ्याच आठवड्यात लोक विसरले. अक्काने तोवर एक पैसा दिला नव्हता. मी एकदा धीर करून तिच्या अंगणात गेले, विषय दुसराच काढला, शेवटी म्हणाले, "अक्का, ते तारेचं..."

"काय तारेचं? काही झालंच नाही की. यंदा वाऱ्यात दमच नव्हता."

"पुढच्या गावात..."

"पुढच्या गावात होता. आपल्याकडे नव्हता. मग तारेने काय केलं सांग. नुसती पडून राहिली छपरावर, माझ्या नवऱ्यासारखी."

आतून दीर म्हणाले, "मला ऐकू येतं."

"ऐकायलाच बोलते."

मी हसून परत आले. हसण्याशिवाय दुसरं काय करणार होते? पण रात्री हिशेब मनात फिरत राहायचा. लेकीला मी काही सांगितलं नव्हतं. ती मोबाईलवर कॉलेजचा निरोप दाखवून म्हणायची, "आई, शेवटची तारीख आली." मी म्हणायची, "सरी, भरू." सरी म्हणजे बरं.

मग मेच्या शेवटी अध्यक्ष अक्कांनी बैठकीत सांगितलं की आपल्यासाठी धावून आलेल्या चौघांचा सत्कार करायचा. लाइनमन, अग्निशामकचे दोघे आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. शाल, पेटा म्हणजे म्हैसुरी फेटा, फळांची टोपली, माइक, मंडप. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मनापासून वाजवल्या. त्या माणसांनी दिरांना विटांखालून काढलं होतं, त्यांना एक शाल द्यायला नको का? घरी जाताना मी अध्यक्ष अक्कांना सहज विचारलं, खर्च कुठून. त्या म्हणाल्या, "तारेचे जमलेत ना माझ्याकडे, त्यातून केलं. संघाचं कर्ज अडकलंय, ते आलं की तुला एकदम देते. तुला घाई नाही ना?"

मी म्हणाले, "नाही."

हा एक शब्द मला पुढे कितीतरी दिवस बोचत होता. त्या वाईट नाहीत. घाई आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं, कारण ते सांगणारी मीच होते. नवरा म्हणाला, "मी बोलू का?" मी म्हटलं नको, बायकांच्या संघात तू कशाला. तो म्हणाला, "मग तू बोल." मग कोणीच बोललं नाही. पुढच्या दिवशी तो पाळी संपवून तसाच कॉलेजला गेला आणि फीसाठी थोडे दिवस मागून आला.

सत्कार शाळेच्या अंगणात झाला. मी सकाळपासून उपीट आणि केसरीभात, म्हणजे आपला शिरा, यांच्या मागे होते, त्यामुळे बरी होते. संध्याकाळी पाहुणे आले. लाइनमन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खिशात पक्कड नव्हती, म्हणून तो मला पहिल्यांदा ओळखूच आला नाही. चौघंही खुर्चीवर अंग चोरून बसले होते. मला त्यांच्याविषयी फार वाटलं. लोकांसमोर बसवल्यावर माणसाचं काय होतं ते मला कळतं.

अध्यक्ष अक्कांचा आवाज सकाळपासून मंडपवाल्याशी भांडून बसला होता. अग्निशामकच्या दोघांना आणि ड्रायव्हरला शाली देईपर्यंत तो पूर्ण गेला. मी तबक घेऊन शेजारीच उभी. त्यांनी माइक माझ्या हातात दिला आणि कुजबुजल्या, "फक्त एवढंच बोल, आता लाइनमन अण्णांना शाल पांघरतो."

समोर अख्खं गाव. वाक्य जुळवायला वेळच नव्हता. मी कसंबसं कन्नडात म्हणाले, "ईग नम्म लाइनमन अण्णंगे साल होदिस्तीवि."

सगळं अंगण हसायला लागलं. का ते मला क्षणभर कळलंच नाही. माझ्या माहेरी शाळेला साळा म्हणतात आणि शालीला साल. घाबरले की तेच तोंडात येतं. पण कन्नडात साल म्हणजे कर्ज. मी साऱ्या गावासमोर म्हणाले होते की आता आपल्या लाइनमन अण्णांना कर्ज पांघरतो.

लाइनमन खुर्चीवरून अर्धा उठला होता, तो तसाच थांबला. हात जोडून म्हणाला, "नको अक्का! आधीचंच फिटेना, वरून आणखी पांघरता?"

"व्याज किती ते विचारून घे," शेजारचा अग्निशामकवाला म्हणाला.

पुन्हा हसणं. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून माझ्या थोरल्या जावेचा आवाज आला, माइकची गरज नसलेला.

"हसता काय? बरोबरच बोलली ती! कर्जच आहे ते! तारेचे पैसे तिचे, आणि त्यातून शाली आणल्या. आणि तिची पोर फीसाठी रोज फोन बघत बसते!"

तिला फीचं कसं कळलं? पत्र्याच्या घरातलं शेजारी सगळं ऐकू जातं, ते मी विसरले होते.

मग वरच्या गल्लीतली एक बाई म्हणाली, "अक्का, मग तुमचे किती दिले ते सांगा की."

"माझे? माझे मी देणारच होते."

"कधी?"

"वारा आल्यावर!"

या वेळी हसू फुटलं ते थांबेना. दीर काठीवर हात ठेवून सगळ्यांत मोठ्याने हसत होते. अध्यक्ष अक्का मात्र हसत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला माझ्यापेक्षा त्यांचंच वाईट वाटलं.

शाल पांघरायची राहिली होती. मी तबक पुढे केलं. लाइनमनने मान वाकवली आणि हळूच विचारलं, "कसली तार?" मी म्हणाले, "छपराची." तो म्हणाला, "मागच्या वर्षी तुमच्या गल्लीतले पत्रे तारांवरून काढायला मला दुसरा दिवस उजाडला. यंदा मी घरी बसून गरम जेवलो." मग शाल सारखी करून तो पुन्हा अंग चोरून बसला. शाल त्याला चांगली दिसत होती. त्या शालींवर झालेला पैसा मला वाया गेला असं तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष अक्का घरी आल्या. आवाज अजून बसलेलाच होता, त्यामुळे त्यांना कुजबुजत रागवावं लागलं.

"तोंड आहे की नाही तुला? लेकीच्या फीचे आहेत, एवढं सांगता आलं नाही?"

"सांगणार होते."

"कधी? लेक रिटायर झाल्यावर?"

मी चहा ठेवला. त्यांनी पाट ओढून घेतला. मग म्हणाल्या, "चारचौघांत माझी मान खाली गेली. मी किती जणांचं करते ते तुला माहीत आहे." मी म्हणाले, "माहीत आहे." खरंच माहीत होतं. चहा झाल्यावर त्या उठल्या, पिशवी घेतली आणि माझ्या घरापासूनच सुरुवात करून गल्लीतल्या प्रत्येक दारात गेल्या. मला म्हणाल्या, "तू येऊ नकोस. तू आलीस तर लोकांना राहू दे म्हणशील."

दोन-तीन दिवसांत बरेच पैसे आले. काहींनी पूर्ण दिले, काहींनी निम्मे देऊन पगाराची तारीख सांगितली आणि त्या तारखेला खरंच आणून दिले. शालींवर गेलेले पैसे संघाने सगळ्यांत वाटून घेतले, वरच्या गल्लीनेही दिले. तिकडे पत्रे नाहीत, पण वीज त्यांच्याकडेही जाते, असं अध्यक्ष अक्कांनी त्यांना सांगितलं म्हणे. संघाच्या बैठकीत आता मला कोणी काही विचारलं की आधी सगळ्या हसायच्या तयारीत बसतात. सुरुवातीला मी लाजत होते. आता मी एखादा शब्द मुद्दाम चुकवते.

शेवटी फक्त अक्काचे राहिले. मी मागायला गेले नाही, अध्यक्ष अक्काही गेल्या नाहीत. फीची वाढवून मिळालेली तारीख दोन दिवसांवर आली होती. नवरा म्हणाला, कमी पडतील ते कारखान्यातून उचल घेतो.

त्या संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसले होते. अक्का आली. पदराच्या गाठीतून नोटा काढल्या, माझ्या सुपाशेजारी ठेवल्या आणि पाटावर बसली.

"बकरीचं पिल्लू विकलं," ती म्हणाली. "तारेसाठी नव्हे. पोरीसाठी. तार अजून मला पटलेली नाही."

"बरं अक्का."

"मोज."

"मोजायचं काय त्यात? तुम्ही दिलेत ना."

"मोज गे. नाहीतर उद्या पुन्हा माइकवर उभी राहून काहीतरी म्हणशील."

मी सूप बाजूला ठेवलं आणि तिच्यासमोर मोजले. बरोबर होते. तारेचे सगळे पैसे परत आले.